सांगलीत नळाला गटाराचा वास येतोय. आरओ घ्यावा, की आणखी काही करता येईल?

हरिपूरची लेक

नमस्कार मंडळी. माहेर हरिपूर, सासर सांगलीत, कृष्णा नदीपासून चालत दहा मिनिटांवर, जुन्या गल्लीत. जरा सविस्तर लिहिते, कारण निर्णय घ्यायचाय आणि डोकं चालेना झालंय.

तीन आठवड्यांपूर्वी माझ्या लेकीला कावीळ झाली. पाचवीत आहे. आधी ताटावरून उठायला लागली, मग डोळे पिवळे झाले. रिपोर्टात हिपॅटायटीस ए आलं. आता सावरतेय, पण शेजारच्या वहिनींचा मुलगा त्याच आठवड्यात पडला आणि मागच्या बोळातली आणखी दोन पोरं.

आमच्याकडं पाणी पहाटे साडेपाचला येतं, तासभर. पहिली पाच-सात मिनिटं पिवळट असतं आणि वास येतो. गटाराचाच वास, दुसरा शब्द नाही त्याला. मग स्वच्छ दिसायला लागतं. पहिल्या दोन बादल्या अंगणात ओतायच्या आणि मग भरायचं, असं सगळी गल्लीच करते. इतकी वर्षं केलं, त्यात वावगं काही वाटलं नाही. आता वाटतंय.

काल आरओवाला येऊन गेला. त्याच्या मीटरवर आमच्या पाण्याचा टीडीएस ३१० आला. मग त्यानं दोन ग्लासांत विजेच्या तारा सोडल्या. आमच्या पाण्यात दोन मिनिटांत तपकिरी गाळ तरंगायला लागला, त्याचं पाणी तसंच्या तसं. सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. मशीन सोळा हजाराचं, हप्त्यावर. घ्यावं का? आणि पाणी मुळातच सुधारायचं असेल तर आमच्यासारख्यांनी नेमकं काय करायचं?

तासगावी बेदाणा

घेऊन टाका ताई. लेकरापुढं सोळा हजार काय आहेत.

तंबोरा_मिरज

आमच्याकडं चार वर्षं जार येतो. गार असतो, पाहुणे खूश. पण आता तुमचं वाचून विचारात पडलो, तो जार भरतात कुठं ते मी एकदाही बघितलेलं नाही.

२०१४ ची मिरजेतली गॅस्ट्रोची साथ अजून आठवते. दवाखान्यात खाटा पुरत नव्हत्या. त्या दिवसांत आमच्या आळीत प्रत्येक घरी पाणी उकळत होतं. साथ ओसरली, पातेली परत माळ्यावर गेली.

जुना केमिस्ट

हरिपूरची लेक, आधी त्या तारांचं सांगतो, मग बाकीचं.

त्या तारांच्या टोकाला लोखंडाच्या पट्ट्या असतात. पाण्यात क्षार असले की वीज वाहते आणि लोखंड झिजून पाण्यात उतरतं. तुम्ही बघितलात तो गाळ म्हणजे त्या पट्टीचा गंज. तुमच्या पाण्यात तो आधी नव्हता. आरओच्या पाण्यातले क्षार काढलेले असतात, म्हणून त्यात वीज नीट वाहत नाही आणि पट्टी गंजत नाही. त्याच्या ग्लासात मिठाची चिमूट टाकायला सांगा, तिथंही गाळ दिसेल.

आता टीडीएस. हा आकडा विरघळलेल्या क्षारांचा. भारतीय मानक १०५०० प्रमाणे ५०० मिलिग्रॅम प्रति लिटरपर्यंत पाणी चांगलं, आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. तुमचं ३१० म्हणजे काहीच वाईट नाही. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं तर ५०० च्या आत टीडीएस असेल तिथं आरओवर बंदी आणावी, असं सरकारला सांगितलं होतं, कारण ही मशीन जेवढं पाणी देतात त्याहून जास्त मोरीत सोडतात.

आणि मुख्य मुद्दा. कावीळ करणारा विषाणू टीडीएस मीटरला दिसत नाही. उत्तम टीडीएसच्या पाण्यात चमचाभर मैला मिसळला तरी आकडा हलत नाही. ज्या गोष्टीनं तुमची मुलगी आजारी पडली तिचं मोजमाप त्या माणसानं केलेलंच नाही.

तोवर पाणी उकळा. चांगली खळखळ उकळी आल्यावर एक मिनिट, आणि त्याच भांड्यात झाकून गार करा. दुसऱ्या भांड्यात ओतलंत की त्या भांड्याचं पाणी झालं.

जतचा वारा

केमिस्ट काकांचं बरोबर आहे, पण सगळ्यांना एकच माप लावू नका. आमच्या वस्तीवर बोअरचं पाणी १६०० दाखवतं. डाळ शिजत नाही, चहा फाटल्यासारखा होतो, नळाच्या तोंडावर पांढरी खपली धरते. आम्ही आरओ बसवला नसता तर काय प्यायलो असतो? नदीकाठच्या माणसानं आरओला नावं ठेवणं सोपं आहे.

जुना केमिस्ट

जतचा वारा, शंभर टक्के मान्य. तुमच्याकडं क्षार हाच रोग आहे, तिथं आरओच लागतो. मशीनमधून वाया जाणारं पाणी फरशी-भांड्याला वापरा म्हणजे झालं. ताईंचा रोग वेगळा आहे.

ओपीडीतून

डॉक्टर आहे, जिल्ह्यातच. एक गोष्ट ध्यानात घ्या. हिपॅटायटीस ए चा विषाणू पोटात गेल्यापासून लक्षणं दिसायला दोन ते सात आठवडे लागतात, बहुतेकदा चार. म्हणजे मुलीनं ते पाणी आजारी पडायच्या साधारण महिनाभर आधी प्यायलं. आज नमुना तपासला आणि चांगला आला, तरी त्या दिवशी पाणी चांगलं होतं असं होत नाही. आणि पाणीच कारण असेल असंही नाही. शाळेबाहेरचा बर्फाचा गोळाही असू शकतो. पण एकाच गल्लीत चार पोरं म्हटल्यावर मी आधी पाण्याकडंच बघेन.

गल्लीत कुणी गरोदर असेल तर तिच्या घरी आजच सांगा की पाणी उकळूनच प्यायचं. काविळीचा दुसरा प्रकार, हिपॅटायटीस ई, तोही असाच पाण्यातून येतो आणि गरोदरपणात जिवावर बेततो.

सातारी कंदी

साताऱ्याहून. आमच्या शहराला काही भागात कासच्या तलावाचं पाणी येतं, डोंगरावरून उताराने. आजोबा म्हणायचे कासच्या पाण्यात आमटी लवकर शिजते. आता उपनगरात दुसऱ्या योजनेचं पाणी आहे आणि आई अजून बहिणीकडून कासच्या पाण्याची कळशी आणते, चहापुरती.

सांगायचा मुद्दा, तलाव कितीही चांगला असला तरी आमच्याही गल्लीत पावसाळ्याच्या पहिल्या आठवड्यात गढूळ येतं. डोंगरावर ते गढूळ नसतं. मधे कुठंतरी होतं.

पाइपपाना

"मधे कुठंतरी होतं" ह्यावर मी बोलू शकतो. बावीस वर्षं प्लंबिंग करतोय, निम्मी सांगली खणलीय.

मेन लाइन रस्त्याच्या मधून जाते. तिथून फेरूल, म्हणजे मेनला जोडायची तोटी, मारून तुमच्या घराचं कनेक्शन येतं. घर आणि रस्ता यांच्या मधे काय असतं? गटार. म्हणजे अर्ध्या इंचाचा जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप एकतर गटाराच्या खालून जातो, नाहीतर सरळ गटारातून. मैल्याच्या पाण्यात बसलेला जीआय पाइप पंधरा वर्षांत पापडासारखा होतो. बोटानं दाबला की भोक.

आता बघा काय होतं. पाणी चालू असतं तेव्हा लाइनीत दाब असतो, भोकातून पाणी बाहेर उडतं. साडेसहाला वॉलमन चावी बंद करतो. लाइन रिकामी होते, आत ओढ तयार होते, आणि बाहेर गटार तुंबलेलंच असतं. दिवसभर ते पाणी त्याच भोकातून आत झिरपतं. दुसऱ्या दिवशी साडेपाचला तुमच्या नळाला पहिलं येतं ते हेच. ताई, तुमच्या पहिल्या दोन बादल्या तिथून येतात.

आणि मोटारी. नळाला थेट मोटार लावली की पाणी चालू असतानाही लाइनीत ओढ बसते. एकानं लावली की पुढच्याला पाणी चढत नाही, मग तोही लावतो. गल्लीत दहा मोटारी झाल्या की सगळी गल्ली मिळून गटार ओढत असते. कडू लागेल, पण हे आपणच करतो.

बरगेवाला

नदीकडं कोनच बगंना व्हय. म्या नदीकाठचा शेतकरी. बंधाऱ्याला बरगं, म्हंजी पानी अडवायच्या फळ्या, घातलं की पाणी थांबतंय, उन्हाळ्यात हिरवं पडतंय, वर जलपर्णी. कोयनेतनं पाणी सुटलं की जरा हालतंय. आन् मासं मरून वर आल्यालं किती येळा बगितलंय ह्या डोळ्यांनी. पांढऱ्या पोटाचा थर. वास दोन दिस जात न्हाई.

सांगलीची घाण नदीत आणनाऱ्या शेरी नाल्याचं तर माझं केस पांढरं झालं ऐकून. सांडपानी उचलून धुळगावला न्यायचं, तितं साफ करून शेताला द्यायचं, योजना चांगली हाय. पर पंप बंद पडला, लाइट गेली, नाल्याला पूर आला, की ते पानी नदीतच. नदी साफ झाल्याबिगर तुमची पाइप बदलून काय हुतंय?

कुपवाडचा भडंग

बरगेवाल्या मामांशी सहमत, आणि म्हणूनच माझं मत की कृष्णेचा नादच सोडा. चांदोली धरणातून थेट पाइपलाइन आणा, नाहीतर वारणेतून घ्या. वरचं स्वच्छ पाणी, विषय संपला.

तंबोरा_मिरज

विषय संपत नाही दादा. इचलकरंजीनं हेच केलं. पंचगंगा बिघडली म्हणून वारणेतून मागितलं, वारणाकाठचे दानोळीकर आडवे पडले. मग दूधगंगेतून मागितलं, तर कागलकडचे लोक रस्त्यावर. ज्यांची नदी अजून बरी आहे ते का देतील? आणि आपण कृष्णा सोडून दिली की तिच्याकडं बघणार कोण? खाली अंकली, म्हैसाळ, नरसोबाची वाडी. ती माणसं आपण सोडलेलं पितात.

कुपवाडचा भडंग

मान्य, पण दानोळीकरांच्या काळजीपायी माझ्या पोरानं किती दिवस वाट बघायची? नदी सुधारायला वीस वर्षं लागतील. तो तेवढ्यात नोकरीला लागेल.

जुना केमिस्ट

दोघांचंही खरं आहे, पण ताईंच्या गल्लीला यातलं काहीच लागू पडत नाही. नदीचं पाणी केंद्रात येतं, तुरटी किंवा तसल्याच रसायनानं गाळ बसवतात, वाळूच्या थरातून गाळतात, मग क्लोरीन देतात. ही साखळी नीट चालली तर गढूळ नदीचंही पिण्याजोगं पाणी होतं. नदी जितकी घाण तितकं क्लोरीन जास्त खर्ची पडतं, म्हणून नदी सुधारायलाच हवी, बरगेवाल्यांशी वाद नाही. पण केंद्रातून चांगलं निघालेलं पाणी चाळीस फुटांच्या गंजक्या पाइपात परत नासत असेल, तर चांदोलीचं आणलं तरी तेही तिथंच नासेल.

पाइपपाना

+१. चांदोलीचा पाइप पण शेवटी माझ्याच गटारातून येणार.

जलसुरक्षक_वाळवा

ग्रामपंचायतीत जलसुरक्षक आहे. शहरवाल्यांना सांगावंसं वाटतं की आमच्या खेड्यात यावर साधी पद्धत आहे.

रोज टाकीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) घालतो, आणि मग गावाच्या अगदी शेवटच्या नळावर ओटी टेस्ट, म्हणजे ऑर्थोटोलिडीननं क्लोरीनची तपासणी, घेतो. नळीत पाणी घ्यायचं, ओटीचे थेंब टाकायचे. पिवळं झालं तर क्लोरीन शिल्लक आहे, पांढरंच राहिलं तर नाही. शेवटच्या नळाला लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन पाहिजे. टाकीजवळ पिवळं आणि शेवटी पांढरं आलं, तर मधे घाण शिरून तिनं क्लोरीन खाल्लंय. मग घर सोडून घर मागं यायचं. जिथं पिवळं होतं आणि त्याच्या पुढच्या नळाला पांढरं, त्या दोन नळांच्या मधे खणायचं. आमच्याकडं दोन गळत्या अशाच सापडल्या.

पावसाळ्याच्या आधी आणि नंतर गावांची तपासणी होते. जोखीम जास्त असेल तर लाल कार्ड, मध्यम असेल तर पिवळं, ठीक असेल तर हिरवं. लाल मिळालं की गावात मान खाली जाते, म्हणून काम होतं.

टीसीएलचं पोतं उघडं टाकू नका एवढी विनंती, उडून जातं. चांगल्या पावडरीची मात्रा १००० लिटरला साधारण २.५ ग्रॅम, आणि तासभर थांबून मग वापर.

हरिपूरची लेक

तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंत, डोळे भरून आले. आरओवाल्याला थांबायला सांगितलंय.

जलसुरक्षक दादा, घर सोडून घर मागं यायचं हे फार आवडलं. ओटीचं औषध कुठं मिळतं? आणि जंतू आहेत की नाही हे घरी कळू शकतं का?

जुना केमिस्ट

ओटी प्रयोगशाळेच्या सामानाच्या दुकानात मिळेल. विषारी आहे, पोरांच्या हाती देऊ नका, हाताला लागू देऊ नका, तपासलेलं पाणी ओतून द्या.

जंतूंसाठी एचटूएसची बाटली घ्या. आत औषधी कागद असतो. नळाचं तोंड पुसून, पाणी थोडं जाऊ देऊन, खुणेपर्यंत भरायची आणि उबदार जागी ठेवायची. २४ ते ४८ तासांत काळी पडली तर पाणी मैल्यानं दूषित आहे असं धरायचं. तुमच्या बाबतीत मात्र एक बाटली पहिल्या मिनिटाच्या पाण्याची भरा, एक वीस मिनिटांनंतरची.

हा अंदाज झाला. पक्क्या अहवालासाठी सरकारी प्रयोगशाळेतून निर्जंतुक बाटली घ्या, त्यांचीच, कारण तिच्यात क्लोरीन मारणारं औषध घातलेलं असतं. भरून बर्फात ठेवून लगेच पोचवायची. १०० मिलिलिटरमध्ये ई. कोलाय, म्हणजे मैल्यातला जंतू, एकही असता कामा नये.

तासगावी बेदाणा

एवढं करून तक्रार दिली तरी कोण येतंय खणायला? मी एका ऑफिसात तीन अर्ज दिलेत, पोचसुद्धा मिळाली नाही.

पाइपपाना

"पाणी घाण येतंय" असा अर्ज दिला तर कुणी येत नाही, कारण कुठं खणायचं ते त्यांनाही माहीत नसतं. "अमुक घर ते तमुक घर, ह्या तीस फुटांत" असा द्या. मग बघा.

हरिपूरची लेक (बारा दिवसांनी)

सांगायला आले. लांबलचक होईल, पण सगळं सांगते.

पहाटे साडेपाचला मी, शेजारच्या वहिनी आणि कोपऱ्यावरचे काका असे तिघं निघालो. हातात नळी, ओटी, वही. चौदा घरं. गल्लीच्या तोंडाशी पहिल्याच घरी पिवळं झालं, मला इतका आनंद झाला की वहिनींनी गप्प केलं, लोक झोपलेत म्हणून. सहाव्या घरापर्यंत पिवळं. सातव्या घरी पांढरं. आठव्या घरी पांढरं. आमचं घर दहावं.

सहावं आणि सातवं यांच्या मधे घर नाही, रिकामी जागा आहे. तिथं जुना वाडा होता. २०१९ च्या पुरात, आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा, त्याच्या भिंती पडल्या आणि मग तो उतरवला. आठ दिवस चहूकडं पाणी आणि प्यायला थेंब नाही, ते दिवस इथल्या प्रत्येकाला आठवत असतील. वाडा गेला, माणसं दुसरीकडं गेली, पण वाड्याचं नळ कनेक्शन कुणाच्या ध्यानातच राहिलं नाही.

बाटल्या पाच घरांत ठेवल्या होत्या, तव्यापाशी, उबेला. आमची पहिल्या मिनिटाची बाटली दुसऱ्या दिवशी सकाळी काळी, डांबरासारखी. वीस मिनिटांनंतरचीसुद्धा संध्याकाळपर्यंत काळी. म्हणजे आम्ही दोन बादल्या ओतून "स्वच्छ" भरत होतो तेही स्वच्छ नव्हतं. सासूबाई बाटलीकडं बघत बसल्या. म्हणाल्या, हे मी पोरीला पाजलं.

चौदा घरांच्या सह्या, वहीतला तक्ता आणि काळ्या बाटल्यांचे फोटो घेऊन गेलो. पाइपपाना दादांनी सांगितलं तसं नेमकी जागा लिहिली. चौथ्या दिवशी माणसं आली.

गटाराची फरशी उचलली. खाली काळ्या गाळात वाड्याचा पाइप, कापलेला, आणि त्याच्या तोंडात चिंधी गुंडाळून ठोकलेली लाकडी खुंटी. कधीकाळी कुणीतरी तात्पुरती मारली असेल. चिंधी कुजून गेली होती, खुंटी हातानं निघाली. पाणी बंद होतं, आणि आमच्या डोळ्यांदेखत गटाराचं पाणी त्या पाइपात सळसळत आत गेलं. कोपऱ्यावरचे काका तिथंच फरशीवर बसले.

कनेक्शन मेन लाइनीपासून तोडलं, फेरूल काढून बंद केलं. आमचा आणि वहिनींचा पाइपही गटारातून जात होता, तो आम्ही स्वखर्चानं बदलला, एमडीपीईचा (न गंजणाऱ्या प्लास्टिकचा) घातला, गटाराच्या वरून नेला. गल्लीची बैठक घेतली आणि मोटारी काढल्या. अकरापैकी नऊ निघाल्या. दोघं म्हणतात वरच्या मजल्यावर पाणी चढत नाही. त्यांच्यासाठी खाली टाकी बसवून तिथून मोटार लावायचं ठरतंय.

ओपीडीतून

ताई, सासूबाईंना सांगा, विषाणू पाण्यात दिसत नाही, त्यांचा दोष नाही. नवीन रुग्ण? अजून महिनाभर तुरळक निघू शकतात, घाबरू नका, ती आधीची लागण असेल. उकळणं चालूच ठेवा.

हरिपूरची लेक

अजून एक मुलगा निघाला डॉक्टर, गेल्या आठवड्यात. सौम्य आहे. सगळ्या घरी उकळतोय.

बरगेवाला

ताई, लय ब्येस केलंसा. आता नदीचं बी असंच करूया की. बंधाऱ्यापासनं वर नाला-नाला चालत जायाचं, हातात वही घ्यून. म्या येतो. चप्पल फाटंस्तोर येतो.

जुना केमिस्ट

बरगेवाले, मी येतो तुमच्याबरोबर. नदीत ओटीचा उपयोग नाही, विरघळलेला ऑक्सिजन बघावा लागेल, मासे त्याच्यावाचून मरतात. त्याचा संच माझ्याकडं आहे. येत्या रविवारी, माई घाटावर, सकाळी सात.

कुपवाडचा भडंग

मीही. पोराला घेऊन येतो.

तासगावी बेदाणा

हरिपूरची लेक, मग आरओचं काय ठरलं? मी घ्या म्हणालो होतो.

हरिपूरची लेक

नाही घेतला दादा. नवीन बाटल्या भरून ठेवल्या होत्या, ४८ तास झाले, दोन्ही तशाच आहेत. लेक दर तासाला बघून येत होती. तिनं बाटलीवर चिठ्ठी चिकटवून वेळ लिहिलीय. प्रयोगशाळेतही नमुना दिलाय, अहवाल आला की इथं टाकते.

तंबोरा_मिरज

आमच्या आळीत चौथ्या नळाला वास आहे. ओटी इथल्या दुकानात संपलंय म्हणतात.

हरिपूरची लेक

माझ्याकडं अर्धी बाटली उरलीय. गुरुवारी मिरजेला यायचंय, आणू का?

तंबोरा_मिरज

आणा. आमच्याकडं पाणी सकाळी सहाला येतं. मुक्कामालाच या, बायको म्हणतेय.